खात्यापित्या घरचं बाळ!

बाळसं कुठे संपतं आणि स्थूलपणा कुठे सुरू होतो? ती रेष आपल्या कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञाकडच्या एका साध्या कागदावर असते. फक्त तिथे बाळाबरोबर अख्खं घर जायला हवं!

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या तरी बाळाचा फोटो पडतो. दोन मिनिटांत कमेंट्सचा पाऊस. ‘कसला गोलू आहे!’, ‘सो चबी!’, ‘गाल ओढावेसे वाटतायत!’ घरी आजी लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. आणि जिचं बाळ शिडशिडीत, त्या आईच्या वाट्याला मात्र चौकशी समिती. ‘दूध पुरत नाही का गं?’, ‘वरचं सुरू कर की’, ‘आमचा या वयात कसा भरलेला होता!’

आपल्याकडे बाळाचं वजन म्हणजे घराचं प्रगतिपुस्तक. ‘खात्यापित्या घरचं दिसतंय’ ही कॉम्प्लिमेंट असते. मंडळाच्या सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस कुणाला जाणार, हे लांबूनच सांगता यायचं. यात आजी-आजोबांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या पिढीने रेशनच्या रांगा आणि १९७२ चा दुष्काळ पाहिला, तिच्यासाठी गुबगुबीत बाळ म्हणजे निर्धास्त झोप. वजनदार बाळ आजारपणातून तगून निघतं, हा त्यांचा अनुभव होता.

पण काळ बदलला, ताट बदललं, आणि बाळाकडे बघायचा आपला डोळा तोच राहिला. लोचा तिथेच आहे.

आकडे बोलतात

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने एक रिपोर्ट काढला. ५ ते १९ वयोगटात जगभरात लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालंय, असं त्यात पहिल्यांदाच दिसलं. लठ्ठ ९.४ टक्के, कमी वजनाची ९.२ टक्के. म्हणजे साधारण दहातलं एक मूल लठ्ठ.

‘हे सगळं अमेरिकेत चालतं’ असं म्हणायची सोय नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, देशातली पाच वर्षांखालची २.१ टक्के मुलं जास्त वजनाची होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ३.४ टक्के झाला. महाराष्ट्रात तर तो १.९ वरून ४.१ वर गेला. दुपटीहून जास्त! आणि त्याच महाराष्ट्रात, त्याच फेरीत, पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाचीही होती. एकाच राज्यात एका टोकाला रिकामं ताट आणि दुसऱ्या टोकाला रिकामी वेफर्सची पाकिटं. कधीकधी तर दोन्ही एकाच वस्तीत.

चार टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ही झाली पाच वर्षांखालची गोष्ट. पुढे शाळा सुरू होते, बस येते, क्लास लागतात, ग्राउंड सुटतं, आणि रेष वर चढते. लहानपणी आलेलं वजन मोठेपणी आपोआप जातंच असं नाही. ‘उंची वाढली की आटोपशीर होईल’ हे आपलं लाडकं वाक्य काही मुलांच्या बाबतीत खरं ठरतं. बऱ्याच मुलांच्या बाबतीत मात्र ते खोटं ठरतं, आणि आपलं मूल यातलं कुठलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. मग यकृतावर चरबी, रक्तदाब, टाइप टू डायबिटीस अशा काका-मामांच्या वयाच्या तक्रारी शाळकरी वयात दाखल होतात.

पुण्याचं ‘थिन-फॅट’ बाळ

आपल्या मातीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो शोधला पुण्यातच. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करतायत. त्यांनी पुण्याकडच्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. पण गंमत पुढे आहे. आपल्या बाळात स्नायू खूपच कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. याला नाव पडलं ‘थिन-फॅट’ बाळ.

मोठेपणीही हेच. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक भन्नाट फोटो छापून आला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! ऑफिसच्या हेल्थ चेक-अपमध्ये ‘नॉर्मल’चा शिक्का घेऊन खुशीत परतणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीच हा फोटो आहे.

आता जन्मतः लहान असलेल्या बाळाला ‘भरून काढायचं’ म्हणून पहिल्या दोन वर्षांत कोंबून कोंबून खायला घातलं, तर वाढ नेमकी कशाची होणार? स्नायू आणि उंची वाढली तर उत्तमच. पण बिस्किटं, साखरदूध आणि पावडरींनी वाढते ती बहुतेक चरबीच. म्हणून आपल्याकडे ही काळजी पाश्चात्त्यांपेक्षा लवकर आणि कमी वजनावरच सुरू करावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१५ साली ५ ते १८ वयाच्या भारतीय मुलांसाठी खास तक्ते काढले. त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा पुढाकार होता. या तक्त्यांवर धोक्याच्या रेषा मोठ्यांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळवलेल्या आहेत. पाश्चात्त्य हिशेबातल्या २५ आणि ३० शी नाहीत.

आणि प्लीज, मुलाचा बीएमआय स्वतःच्या अ‍ॅपवर टाकून मोकळे होऊ नका. समजा सात वर्षांचा मुलगा आहे, उंची १२० सेंटिमीटर, वजन २९ किलो. बीएमआय आला २०. मोठ्या माणसासाठी हा आकडा मस्त. सात वर्षांच्या मुलासाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर तो थेट स्थूलतेत जातो. मुलांचा बीएमआय वयाबरोबर बदलतो, म्हणून तो वयाच्या तक्त्यावरच वाचायचा असतो.

लसीच्या रांगेतली संधी

हा तक्ता असतो कुठे? तुमच्या बाळाच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये. बहुतेक घरांत तिचं पहिलं पान, लसींच्या तारखांचं, वापरून वापरून मऊ झालेलं असतं. आणि मागची ग्रोथ चार्टची पानं कोरी करकरीत.

जरा हिशेब करा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग सहावा, नववा, बारावा, पंधरावा, अठरावा महिना. पहिल्या दीड वर्षात निरोगी बाळसुद्धा किमान आठ वेळा डॉक्टरांच्या समोर बसतं. एरवी कुठलीही सिस्टिम आपल्या घराशी इतक्या वेळा इतक्या जवळून बोलत नाही. सरकारी बाजूला अंगणवाडी सेविका, आरोग्य केंद्र आणि माता-बाल संरक्षण कार्ड आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतायत. पण या सगळ्यांची नजर साहजिकच कमी वजनावर असते. वर जाणाऱ्या रेषेकडे बघायला फुरसत आणि सवय, दोन्ही कमी.

खासगी दवाखान्यात वेगळी गंमत. बाहेर बाकावर वीस जण. आत गेलं की वजन, स्टेथोस्कोप, सुई, भोकाड, बिल. दहा मिनिटांत खेळ खल्लास. त्यात डॉक्टरांनी ‘वजन जरा जास्त वाटतंय हं’ म्हटलं, की आईचा चेहरा पडतो आणि आजी तिथल्या तिथे डॉक्टर बदलायचं ठरवते. मग डॉक्टरही पुढच्या वेळी गप्प बसतात. आजारी नसलेल्या मुलाबद्दल कटू बोलून पेशंट कोण घालवणार?

माझ्या एका मैत्रिणीला मात्र वेगळा अनुभव आला. नवरा-बायको दोघं हिंजवडीत, मुलगा पाच वर्षांचा, दिवसभर आजीकडे. बूस्टर डोसला गेले तेव्हा डॉक्टरांनी रेष दाखवली. दीड वर्षात ती दोन घरं वर सरकली होती. मग विचारलं, ‘हा चार ते आठ काय खातो?’ दोघं एकमेकांकडे बघायला लागले. दोघांनाही उत्तर माहीत नव्हतं! डॉक्टर हसले आणि म्हणाले, ‘मग पुढच्या वेळी ज्यांना माहितेय त्यांना घेऊन या.’ पंधरा दिवसांनी आजी आल्या. काही खाऊ-पिऊ घालण्यावर बंदी आली नाही. फक्त दुधातली साखर गेली आणि संध्याकाळी टीव्हीसमोरच्या खारीच्या जागी खाली बागेत गेल्यावर केळं आलं. बागेत न्यायची ड्यूटी आजोबांची. शनिवार-रविवारी बाबांची.

मैत्रीण म्हणाली, ‘इतकी वर्षं मला वाटायचं हा माझा प्रॉब्लेम आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तो सगळ्यांचा झाला.’

प्रयोग काय सांगतात?

डॉक्टरांच्या ‘सल्ल्याने’ खरंच फरक पडतो का? यावर जगात बरेच प्रयोग झालेत, आणि निकाल सरळसोट नाहीत.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या फॅमिली डॉक्टरांनी ५ ते १० वयाच्या २५८ जाड मुलांवर प्रयोग केला. बारा आठवड्यांत चार भेटी, खाण्यापिण्याचा आणि खेळण्याचा सल्ला. २००९ साली निकाल आला. बीएमआयमध्ये काहीही फरक नाही! चार वेळा उपदेश केला म्हणून घराच्या सवयी हलत नाहीत, हा त्याचा अर्थ.

अमेरिकेत बफेलो विद्यापीठाचे लेनर्ड एपस्टाइन कित्येक दशकं दुसऱ्या पद्धतीवर काम करतायत. मुलाला एकट्याला डाएटवर टाकायचं नाही, त्याच्याबरोबर आई किंवा बाबांनीही स्वतःच्या सवयी बदलायच्या. २०२३ साली त्यांच्या टीमचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६ ते १२ वर्षांची ४५२ मुलं, प्रत्येकाबरोबर जास्त वजनाचे आई किंवा बाबा. आणि हे सगळं हॉस्पिटलच्या स्पेशल विभागात न करता नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात. तिथेच एक प्रशिक्षित कोच बसवला. दोन वर्षं नियमित भेटी. शेवटी या गटातली मुलं नेहमीच्या उपचारांवरच्या मुलांपेक्षा बरी निघाली. पालकांचंही वजन सुधारलं. आणि सगळ्यात धमाल म्हणजे, ज्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं त्या जास्त वजनाच्या भावंडांनाही फायदा झाला. घरात फ्रिज एकच असतो ना!

तिसरा प्रयोग अगदी तान्ह्या बाळांचा. नाव ‘ग्रीनलाइट प्लस’. अमेरिकेतली सहा केंद्रं, नऊशे कुटुंबं. पार्श्वभूमी अशी, की आधीच्या ‘ग्रीनलाइट’मध्ये डॉक्टरांनी लसीच्या भेटींना सोप्या भाषेतली चित्रांची पुस्तिका देऊन एकेक छोटं ध्येय ठरवलं होतं. सुरुवातीला फरक दिसला, पण दोन वर्षांपर्यंत तो विरून गेला. म्हणून नव्या प्रयोगात निम्म्या कुटुंबांना दोन भेटींच्या मधल्या काळात मोबाइलवर मेसेजही पाठवले. ठरलेलं ध्येय जमतंय का, असं विचारणारे, उत्तराप्रमाणे पुढचं सांगणारे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला. दोन वर्षांच्या वयाला नुसत्या सल्ल्याच्या गटात १२.७ टक्के मुलं लठ्ठ होती, मेसेजवाल्या गटात ७.४ टक्के.

वाटलं ना, सुटला प्रश्न? थांबा. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा १७ प्रयोगांचा एकत्र हिशेब आला. नऊ हजारांहून जास्त बाळं, सगळ्या प्रयोगांत पालकांना पहिल्या वर्षातच मदत सुरू झालेली. दोन वर्षांच्या वयाला बीएमआयमध्ये सरासरी फरक? जवळपास शून्य.

मग काय समजायचं? एक तर, कुठल्याही ‘पॅरेंटिंग प्रोग्रॅम’ने जादू होते असं कुणी सांगत असेल तर दुरून नमस्कार. जे प्रयोग चालले त्यात मात्र काही गोष्टी सारख्या दिसतात. पाठपुरावा सतत होता, ध्येय एका वेळी एक आणि छोटं होतं, आणि काम एकट्या आईवर टाकलेलं नव्हतं. दुसरं असं, की थकलेल्या, वेळ नसलेल्या घराला फक्त शहाणपण देऊन भागत नाही. त्या घराबाहेरचं जगही बदलावं लागतं. त्याकडे येऊच.

चिऊचा घास, मोबाइलचा स्टँड

आधी घरात डोकावू. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ हे आपल्या सगळ्यांचं पहिलं डायनिंग टेबल. त्यात गोष्ट होती, गच्ची होती, भरवणारं माणूस होतं. पण त्यात एक मेख पण होती. बाळाने तोंड फिरवलं, की चिऊ-काऊ संपून घोडा, हत्ती आणि शेजारचे काका यायचे! म्हणजे पोट ‘बास’ म्हणत असताना आणखी पाच घास आत.

आता चिऊ-काऊच्या जागी मोबाइलचा स्टँड आलाय. समोर रंगीत गाणी, तोंड यंत्रासारखं उघडं. वाटी रिकामी होते, घरातले सगळे खूश. पण भूक कधी लागली आणि पोट कधी भरलं, हे ओळखायला बाळ जन्मतःच शिकून आलेलं असतं. ते आपण त्याच्याकडून रोज थोडं थोडं विसरवून घेतो. पुढे हाच मुलगा मॅच बघता बघता फॅमिली पॅक संपवतो आणि आपणच म्हणतो, ‘याला पोटाचा अंदाजच नाही!’

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यावर सोपी वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मुलाने. ऐकायला सोपं, पण अर्धी वाटी वरण-भात उरलेला बघून शांत बसणं मराठी घरात किती अवघड आहे, हे वेगळं सांगायला नको. अर्थात वाढीची रेषच खाली चालली असेल, तर ही वाटणी डॉक्टरांना विचारूनच.

अजून दोन गोष्टी आपल्या लाइफस्टाइलच्या. पहिली झोप. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण घरी पोचणार रात्री साडेआठला, मग दंगा, जेवण, झोपायला साडेअकरा, आणि स्कूल बस सकाळी सातला. अपुरी झोप आणि वजन यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. दुसरी गोष्ट गिल्ट. दिवसभर आपण नव्हतो, म्हणून येताना हातात काहीतरी. ‘मला काय आणलंस?’ या प्रश्नाचं उत्तर रोज चॉकलेटच असायला हवं असं नाही. स्टिकर, पानगळीतलं एखादं वेगळं पान, नाहीतर पाठीवर घोडा घोडा. मुलाला हवे असता तुम्ही. चॉकलेटची सवय आपण लावतो.

आजीला कोण सांगणार?

डबल इन्कम घरांत खरं किचन कॅबिनेट दिवसा चालतं. आजी, सांभाळणाऱ्या मावशी, पाळणाघराच्या काकू. त्यांना फ्रिजवर ‘नो शुगर’ची चिठ्ठी चिकटवून ऑफिसला पळालात, तर संध्याकाळी घरात शीतयुद्ध ठरलेलं. आजी मूल सांभाळते म्हणून आपल्याला कॉन्फरन्स कॉलवर बसता येतं, हे विसरून चालणार नाही.

इथेच दवाखान्याचा उपयोग. तीच गोष्ट सुनेने सांगितली तर टोमणा, डॉक्टरांनी सांगितली तर सल्ला. आणि आजीच्या पोतडीत कामाचं सामान भरपूर असतं. नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, उकडलेला रताळ्याचा काप, ताकाची वाटी, थालीपीठ. साठ वर्षांपूर्वी तिच्या घरी बिस्किटांचा पुडा रोज फुटत नव्हता. तो आपण आणला. तेव्हा आजीला ‘तुझं चुकतंय’ म्हणण्यापेक्षा ‘तुझ्या लहानपणी संध्याकाळी काय खायचीस?’ असं विचारून बघा.

एक मात्र घरातल्या सगळ्यांनी कटाक्षाने पाळायचं. जाड्या, ढब्बू, लड्डू, मोटी ही लाडाची नावं बंद. हसून सोडून देणारं मूल आतून ऐकत असतं. चिडवल्याने कुणी बारीक होत नाही, उलट लपूनछपून खायला शिकतं. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवायचं नाही, क्रॅश डाएट तर अजिबात नाही. बऱ्याचदा वजन आहे तिथे थोपवलं आणि उंची वाढू दिली, की रेष आपोआप खाली झुकते.

आणि मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर कातडी दिसली, तर ती घासून काढायच्या मागे लागू नका. तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. सरळ डॉक्टरांना दाखवा. मूल रोज मोठ्याने घोरत असेल तरीही.

सगळं घरानेच करायचं?

आता घराबाहेर. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं, की बोर्नव्हिटासकट असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या विभागातून काढा. कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही! आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या तो डबा औषधासारखा विकत घेत आलो.

महाराष्ट्र सरकारने २०१७ सालीच शाळांच्या कँटीनमध्ये जंक फूडवर बंदी घातली. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभे राहा आणि पावलं मोजून बघा. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, कुठल्या खाण्यापिण्यात किती साखर हे मुलांना दिसावं म्हणून. ३०० मिलिलिटर कोलामध्ये साधारण ३० ग्रॅम साखर, हे भिंतीवर लिहिलेलं वाचलं की निदान प्रश्न तरी पडतो.

पण त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला. कोला ४० टक्क्यांच्या गटात गेला, छान. बिस्किटं आणि चॉकलेटं मात्र १८ वरून ५ टक्क्यांवर आली, फरसाण १२ वरून ५ वर. एका हाताने बोर्ड लावायचा आणि दुसऱ्या हाताने पुडा स्वस्त करायचा, असा हा मामला.

आणि आपली ऑफिसेस? २०१७ साली कायदा बदलून पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही आली. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला प्रत्यक्षात उतरायचा तर हे सगळं लागतंच. तुमच्या कंपनीत पाळणाघर कुठल्या मजल्यावर आहे, माहितेय? एचआरला एक मेल टाका. बाबांनी टाकला तर आणखी चांगलं.

पुढच्या अपॉइंटमेंटला हे करा

• फाइल बरोबर न्या आणि वजनाबरोबर उंचीही मोजायला सांगा. नुसत्या वजनावरून काहीच कळत नाही.

• दोन्ही आकडे चार्टवर मांडून घ्या. ठिपका कुठे आहे यापेक्षा रेष कुठे चाललीय, ते विचारा. लसी संपल्यावरही निदान सहा महिन्यांनी एकदा मोजा.

• दिवसा मुलाला भरवणारं माणूस एकदा तरी दवाखान्यात घेऊन जा.

• घरी परतताना एकच गोष्ट ठरवा. एका वेळी एक. दुधातली साखर, किंवा जेवताना स्क्रीन, किंवा रात्रीची झोप.

• दोन आठवड्यांनी फॅमिली ग्रुपवर विचारा, ‘जमलं का?’ गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा हा मेसेज बरा.

किचनचा सिग्नल

एपस्टाइन यांची ट्रॅफिक सिग्नलची आयडिया आपल्या ओट्यावरही चालते.

हिरवा, म्हणजे हवं तेवढं: काकडी, गाजर, टोमॅटो, पालेभाज्या, बिनसाखरेची कोशिंबीर.

पिवळा, म्हणजे रोजचं, पण अंदाजाने: पोळी, भाकरी, वरण-भात, उसळ, अंडं, मासे, दही, अख्खी फळं. दूध वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला साधारण अर्ध्या लिटरपर्यंत पुरे.

लाल, म्हणजे कधीतरी, ठरवून आणि सगळ्यांनी मिळून: वेफर्स, फरसाण, खारी, क्रीमची बिस्किटं, कोला, पॅकबंद ज्यूस. दोन वर्षांखाली वरची साखर नकोच.

आणि लाल म्हणजे बंदी नव्हे. वाढदिवसाचा केक खायचा, गणपतीत मोदकही खायचा. फक्त रोजच्या मंगळवारी चार वाजता केक खायचं कारण नाही!

पाच वर्षांखालच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी, त्यापुढे रोज किमान एक तास घाम येईपर्यंत खेळ. त्यासाठी महागडी अ‍कॅडमी लागत नाही. लगोरी लागते, पकडापकडी लागते, आणि लॅपटॉप बंद करून खाली उतरणारा एक मोठा माणूस लागतो. एकट्या मुलाने बदलायचं नाहीये. तुमचं पोटसुद्धा शर्टाचं शेवटचं बटण ताणत असेल, तर सुरुवात करायला याहून चांगला पार्टनर कुठे मिळणार?